सातव्या रकान्यातली चांदणी

वाडीला गोदामांच्या मागे
आमच्या मशीनची खोली.
बाहेर शेहेचाळीस. कूलरची ताटी सुकली
की मशीनच्या आधी मीच तापते.

एक्याण्णव सालापासून हा प्रोग्राम
रोज रात्री बिल्ट्या मोजतो:
कोणाचा माल, किती नग, कुठून कुठे.
ऐंशी रकाने. नावाला पंचवीस घरं, पुढचं कापलं.
इतवारीच्या 'भाऊरावजी नंदनवार आणि बंधू' यांचे बंधू
इतक्या वर्षांत एकदाही छापले गेले नाहीत.
वाक्य संपलं की पूर्णविराम लागतोच.
एकदा माझ्याकडून राहिला,
तर अमरावतीचा माल कागदावर
तीनदा चंद्रपूरला जाऊन आला.

त्याने कधी कोणाला काही विचारलं नव्हतं.
आता वरून आलं, विचारा.
ट्रक हलण्याआधी सरकारी सर्व्हरला नंबर द्या,
तो हो म्हणाला तरच फाटक उघडा.

मिहानमधून प्रज्वल आला.
हिरवी अक्षरं पाहून थबकला.
"मॅडम, हे अजून चालते?"
"चालते म्हणूनच तं तुले बोलावलं, बापा."
त्याला पोर्ट ठाऊक, टोकन ठाऊक.
मला ठाऊक, कोणत्या ओळीला हात लावायचा नाही.

तिसऱ्या रात्री पहिलं उत्तर आलं.
सुरुवातीलाच महिरपी कंस.
आमच्या जुन्या रकमांत तीच खूण
शेवटच्या घरात बसली की अधिक शून्य होते.
मशीनने शून्य वाचलं आणि गप्प राहिलं.
प्रज्वल हसला.
मला नाही आलं हसू.
लग्नानंतर पहिलं वर्षभर
सासरच्या बोलण्याचं माझंही असंच व्हायचं.

मग मध्ये एक छोटा निरोप्या बसवला,
इकडचं तिकडे सांगणारा,
तिकडचं आमच्या मापात कापून आणणारा.
"उत्तराची वाट किती पाहू?" प्रज्वलने विचारलं.
बाबा तांडापेठेत मागावर बसायचे.
धोटा हातून सुटला
की पलीकडे पोचेपर्यंत
त्यांचा श्वास अडकलेला मी पाहिलाय.
सेकंद कोणी मोजले!
म्हटलं, "दहा ठेव."

ओळ चार हजार दोनशे दहा.
सातव्या रकान्यात चांदणी,
म्हणजे मशीनने वाचायचं नाही, माणसासाठी आहे.
बारापात्रे साहेबांनी रोमन अक्षरांत मराठी लिहिलेलं:
हे नाव कोणाला विचारू नका. मी जाऊन पाहिलंय.
खाली एकच खातं,
कामठीचे मन्सूर विडीवाले.
उधारीची तपासणी त्या एका नावाला माफ.
साहेब सायकलने गेले होते. मे महिना होता.
दुकान पाहिलं, गोणी उघडून पाहिल्या,
चहा पिऊन आले, आणि ही ओळ लिहिली.
मी तेव्हा नवी, शेजारच्या टेबलावर
कागदाच्या कडा फाडत बसलेली.

प्रज्वलने तोच नंबर धाडला.
दीड सेकंद.
नोंदणी रद्द. नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

आम्हाला कोणी सांगितलंच नाही.
सांगणार कोण, आम्ही विचारलं कोणाला?
महिन्यामागून महिना
त्यांच्या नावापुढे शून्य छापत राहिलो,
आणि मला वाटायचं,
यंदा विड्यांचा धंदा मंदा असेल.

"ही ओळ उडवू?"
"थांब."
माफी काढली. चांदणी ठेवली.
तिच्याखाली दुसरी चांदणी टाकली,
पुढे लिहिलं:
विचारलं. आता नाहीत. पु. हेडाऊ.

चांदणीच्या ओळीला पूर्णविराम नसला तरी
मशीन अडत नाही.
तरी दिला.

फाटकाशी उमरेडचा ट्रक
केव्हाचा हॉर्न मारत होता.
त्याचा नंबर पाठवला
आणि आम्ही दोघं
पडद्याकडे पाहत राहिलो.